वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे ऑक्शन हाऊस: शुल्क, भाव आणि बोली यांचे परीक्षण

ब्लिझार्ड एंटरटेनमेंटचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि त्यातले ऑक्शन हाऊस आजही दिवसाचे चोवीस तास चालू असते. खेळाडूंनी खाणीतून काढलेले धातू, रानातून खुडलेल्या वनस्पती, शत्रूला मारून मिळवलेली शस्त्रे आणि स्वतः बनवलेली औषधे येथे विकली जातात, आणि त्यांचा भाव खेळाडूच ठरवतात. या परीक्षणात मी ऑक्शन हाऊसकडे खेळाडूंना पुरवलेली बाजारपेठेची सेवा म्हणून पाहणार आहे. ती किती शुल्क घेते, घेणाऱ्याला काय दाखवते, विकणाऱ्याला कोठे अडवते, आणि तिच्या नियमांतून खरेदी-विक्रीचे कोणते मार्ग शहाणपणाचे ठरतात, हे मला पाहायचे आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. खरेदीदाराला ही सेवा आज पूर्वी कधीही नव्हती इतकी सोयीची झाली आहे, छोट्या विक्रेत्याचे काम मात्र तिने अवघड करून ठेवले आहे, आणि बोली लावून वस्तू घेण्याच्या व्यवहाराकडे तिने जवळजवळ पाठ फिरवली आहे.

प्रथम शुल्काविषयी, कारण विक्रीचे सगळे डावपेच तेथूनच निघतात. वस्तू विकली गेली की विक्रीच्या रकमेतून ५ टक्के कापले जातात आणि उरलेले सोने, म्हणजे गेममधले गोल्ड, सिल्व्हर आणि कॉपर असे उतरत्या मोलाचे चलन, साधारण तासाभराने टपालपेटीत येते. त्याखेरीज वस्तू बाजारात मांडताना अनामत भरावी लागते. शस्त्रे, चिलखते अशा वस्तूंसाठी ती आपल्या मागितलेल्या किमतीवर ठरत नाही. गेममधला दुकानदार त्या वस्तूचे जे पैसे देतो, त्यावर ठरते. १२ तासांसाठी त्या रकमेच्या १५ टक्के, २४ तासांसाठी ३० टक्के आणि ४८ तासांसाठी ६० टक्के. माल विकला गेला तर अनामत परत मिळते. मुदत संपली किंवा आपण स्वतः माल मागे घेतला तर ती बुडते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जास्त मुदतीला कोणतीही सवलत नाही. तासामागे पडणारा खर्च तिन्ही मुदतींत सारखाच आहे. दुकानदार १० गोल्ड देत असलेले चिलखत ४८ तासांसाठी मांडले तर ६ गोल्ड अडकतात, आणि तीनदा न विकता परत आले तर १८ गोल्ड गेलेले असतात, म्हणजे ते चिलखत थेट दुकानदाराला विकून मिळाले असते त्याहून जास्त. ज्या वस्तूला दुकानदार जवळजवळ काहीच देत नाही, तिची अनामत नाममात्र असते आणि ती पुन्हापुन्हा मांडायला काही लागत नाही. म्हणून माल बाजारात नेण्यापूर्वी दुकानदाराचा भाव पाहणे ही पहिली सवय असली पाहिजे. अनेक नवे खेळाडू ती लावून घेत नाहीत, आणि त्यांचे सोने नेमके कोठे झिरपते हे त्यांना पुष्कळ दिवस कळत नाही.

कापले गेलेले ५ टक्के आणि बुडालेली अनामत कोणाच्याही खिशात जात नाही. ते सोने गेममधून नाहीसे होते. हजारो खेळाडू रोज नवे सोने निर्माण करत असताना ते कोठेतरी नष्ट व्हावेच लागते, नाहीतर सगळेच भाव आभाळाला भिडले असते. या दृष्टीने ५ टक्के हा दर मला न्याय्य वाटतो. पूर्वी गॅजेट्झान, बूटी बे आणि एव्हरलुक या गेममधल्या गावांतील तटस्थ लिलावगृहांत १५ टक्के कापले जात, आणि अलायन्स व होर्ड या दोन पक्षांचे बाजार वेगवेगळे असत. २०१४ मध्ये ते एकत्र झाले. गिल्ड वॉर्स २ या गेमच्या ट्रेडिंग पोस्टवर माल मांडताना ५ टक्के आणि विकल्यावर १० टक्के असे एकूण १५ टक्के जातात, आणि मांडणीचे ५ टक्के कधीच परत मिळत नाहीत. त्या मानाने वॉरक्राफ्टची कपात हलकी आहे. तरीही घेऊन विकणाऱ्याने तिला विसरता कामा नये: १०० गोल्डला घेतलेली वस्तू १०५ गोल्ड २७ सिल्व्हरला विकली, तेव्हा कुठे गुंतवलेले सोने हाती परत आले. ज्या मालाचा भाव दिवसभरात चार-पाच टक्क्यांनीच वरखाली होतो, त्यात उलाढाल कितीही मोठी दिसली तरी मेहनत फुकट जाते.

आजच्या ऑक्शन हाऊसचे खरे तर दोन भाग आहेत. जानेवारी २०२० मधील ८.३ या पॅचने (गेमच्या सुधारित आवृत्तीने) घाऊक माल आणि सुटे नग यांची विभागणी केली. वनस्पती, धातू, कापड, औषधे, रत्ने असा एकसारखा माल पहिल्या भागात येतो. चिलखते, शस्त्रे, लढाऊ पाळीव प्राणी यांसारखे एकेक नग दुसऱ्या भागात राहतात. पुढे ऑगस्ट २०२२ मधील ९.२.७ या पॅचने घाऊक मालाचा बाजार संपूर्ण प्रदेशासाठी एक केला. उत्तर अमेरिकेतील कोणत्याही रिअल्मवरचा (गेमच्या सर्व्हरवरचा) विक्रेता आता तेथील सर्व रिअल्मच्या विक्रेत्यांशी स्पर्धा करतो, आणि युरोपातही तसेच. सुटे नग मात्र अजून त्या त्या रिअल्मपुरते आणि त्याला जोडलेल्या रिअल्मपुरतेच विकले जातात. हा भेद ज्याला कळला, त्याला या बाजाराची निम्मी चावी मिळाली.

घाऊक मालाच्या भागात खरेदीदाराची सोय उत्तम आहे. किती नग हवेत तो आकडा टाकला की सर्वांत स्वस्त मालापासून वर चढत यंत्रणा स्वतःच हिशोब मांडते आणि एकूण किंमत दाखवते. पूर्वी वीस नगांचा गठ्ठा आणि एकच नग शेजारीशेजारी एकाच किमतीला मांडून घाईत असलेल्या माणसाला फसवण्याचा जो प्रकार चालत असे, तो प्रति नग भाव दिसू लागल्यामुळे संपला. भाव सिल्व्हरमध्येच मांडता येत असल्यामुळे एका कॉपरने खाली उतरण्याचा जुना खेळही थांबला, जरी एका सिल्व्हरने अंडरकट करणारे, म्हणजे इतरांहून कमी भाव लावणारे, अजून आहेतच.

पण विक्रेत्यासाठी याच सुधारणा कठीण गेल्या. लहान रिअल्मवर एखादी वनस्पती तोडणारे दोघेतिघेच असत आणि त्यांना आपला भाव राखता येत असे. आता आवक प्रचंड आहे, भाव सगळीकडे एक आहे, आणि एकट्या माणसाने तो हलवणे जवळजवळ अशक्य आहे. अशा बाजारात भाव किती लावायचा हा प्रश्न मागे पडतो आणि केव्हा विकायचे हाच प्रश्न उरतो. उत्तर अमेरिकेत दर मंगळवारी आणि युरोपात दर बुधवारी मोठ्या रेड, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या मोहिमा, नव्याने खुल्या होतात. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या संध्याकाळी गिल्डची (खेळाडूंच्या संघांची) टोळकी एकत्र जमतात, फ्लास्क व पोशन ही औषधे आणि खाद्यपदार्थ यांना उठाव येतो आणि भाव वर सरकतात. शनिवार-रविवारी लोकांना माल गोळा करायला वेळ असतो, तेव्हा आवक वाढते आणि कच्चा माल उतरतो. म्हणून कच्चा माल आठवड्याअखेरीस घ्यावा, त्याची औषधे बनवून ठेवावीत आणि रेड उघडण्याच्या सुमारास ती थोडीथोडी बाजारात सोडावीत, हा साधा क्रम बहुतेक सगळ्या गुंतागुंतीच्या क्लृप्त्यांपेक्षा जास्त टिकाऊ ठरतो.

भारतातून खेळणाऱ्यांना यात एक छोटा फायदा आहे. या गेमचे भारतात वेगळे सर्व्हर नाहीत, त्यामुळे पुण्याचा किंवा नागपूरचा खेळाडू अमेरिकेच्या किंवा युरोपच्या प्रदेशात खेळतो. न्यूयॉर्कमध्ये मंगळवारची रात्र सुरू होते तेव्हा आपल्याकडे बुधवारची पहाट असते, आणि युरोपातली संध्याकाळ आपल्या मध्यरात्रीच्या आसपास येते. झोपण्यापूर्वी मांडलेला माल तेथील गर्दीच्या वेळेला बाजारात हजर राहतो, आणि तेथे बाजार थंड असतो त्या वेळेस, म्हणजे आपल्या दुपारी, पडत्या भावात खरेदी करता येते. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी खेळाडूला ही सवड मिळत नाही, कारण तो स्वतःच गर्दीच्या वेळेचा खेळाडू असतो.

गेमचा नवा विस्तार, म्हणजे गेममध्ये पडणारी मोठी भर, बाजारात येतो तेव्हाचे गणित याहून वेगळे असते, आणि त्यावर थोडे थांबून बोलले पाहिजे. पहिल्या काही दिवसांत नव्या वनस्पती आणि धातू विलक्षण महाग असतात, कारण सर्वांनाच आपला व्यवसाय (पात्राचे वस्तू बनवण्याचे कौशल्य) वर न्यायचा असतो आणि गोळा करणारे अजून थोडे असतात. पुढे भाव जवळजवळ रोज उतरत जातो. या काळात माल साठवून ठेवणाऱ्याचे नुकसान होते. जे हाती येईल ते त्याच दिवशी विकून टाकावे. नोव्हेंबर २०२२ मधील ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून कच्च्या मालाला गुणवत्तेच्या पायऱ्या आल्या आणि प्रत्येक पायरीचा भाव स्वतंत्र झाला. सर्वांत वरच्या पायरीला रेड करणाऱ्यांची मागणी असते आणि खालच्या पायरीला व्यवसाय शिकणाऱ्यांची, त्यामुळे दोन्हींचे भाव एकाच दिशेने हलतीलच असे नाही. वरच्या पायरीचा माल महाग म्हणून तोच गोळा करावा, असे मानणाऱ्यांनी हंगामाच्या सुरुवातीला खालच्या पायरीची यादी एकदा नीट पाहावी.

आता सुट्या नगांकडे वळतो, कारण माझ्या मते या बाजाराची खरी गंमत आणि खरे कौशल्य तेथेच उरले आहे. येथे बोली लावता येते, पण विक्रेत्याला तो पर्याय मुद्दाम उघडावा लागतो. नेहमीची मांडणी ठरावीक किमतीला थेट खरेदीची असते. परिणामी बहुतेक वस्तूंवर बोली नसतेच, आणि असते तेव्हा तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. बोली लावणाऱ्यासाठी हीच संधी आहे. एखाद्या विक्रेत्याने थेट खरेदीची किंमत चढी ठेवून सुरुवातीची बोली मात्र सहज खाली ठेवलेली असते, आणि प्रतिस्पर्धी नसल्यामुळे ती वस्तू पहिल्याच बोलीला सुटते.

बोलीची वेळ कशी निवडावी, हा यातला कळीचा प्रश्न आहे. जुन्या काळापासून उरलेला वेळ मिनिटांत न दाखवता ढोबळ टप्प्यांत दाखवण्याची पद्धत होती: ३० मिनिटांहून कमी, २ तासांपर्यंत, १२ तासांपर्यंत आणि त्याहून जास्त. सुरुवातीलाच बोली लावली तर आपले सोने दीड-दोन दिवस अडकून पडते आणि इतरांना त्या वस्तूत रस घेण्याजोगे काही आहे अशी सूचनाही मिळते. शेवटच्या टप्प्यात आलेल्या वस्तूंची यादी पाहून तेथेच बोली लावावी, आणि ती एकदाच, आधी ठरवलेल्या मर्यादेत लावावी. ती मर्यादा भावनेवर न ठेवता उलट्या हिशोबाने काढावी. समजा एखादी तलवार आपल्या रिअल्मवर २०,००० गोल्डला विकली जाते. कपात जाऊन १९,००० हाती येणार. गुंतवणुकीवर पाचवा हिस्सा नफा हवा असेल तर खरेदी १५,८०० च्या पुढे जाता कामा नये, आणि एकदोन वेळा अनामत बुडण्याची शक्यता धरली तर १५,५०० ला थांबलेले बरे. समोरच्याने त्यापुढे बोली नेली तर वस्तू त्याला जाऊ द्यावी. आपले सोने टपालाने परत येते आणि दुसऱ्या मालाला उपयोगी पडते.

विक्रेत्याने मात्र या बोलीच्या मोहात पडू नये, असे मी स्पष्ट सांगेन. खाली सुरुवात केली की लोक चढाओढ करतील, ही अपेक्षा गर्दीच्या लिलावात खरी ठरते. ज्या रिअल्मवर एखाद्या चिलखताचे आठवड्याभरात एकदोनच गिऱ्हाईक येतात, तेथे चढाओढ होतच नाही आणि वस्तू सुरुवातीच्या बोलीला जाते. बोली ठेवायचीच असेल तर ती थेट खरेदीच्या किमतीच्या अगदी जवळ ठेवावी.

सुटे नग विकताना संयम लागतो, पण अनामतीमुळे संयमालाही किंमत असते. २०११ मध्ये ट्रान्समॉग, म्हणजे पात्राच्या पोशाखाला दुसऱ्या वस्तूचे रूप देण्याची सोय, आल्यापासून जुन्या विस्तारांतली, केवळ रूपासाठी हवी असलेली चिलखते आणि शस्त्रे हा स्वतंत्र धंदा झाला आहे. या वस्तूंना ठरलेला भाव नसतो. ज्याला ते विशिष्ट रूप हवे आहे तो मागाल ते देतो, आणि ज्याला नको आहे तो फुकटही घेत नाही. अशा मालात एका वस्तूवर मोठा डाव लावण्यापेक्षा शंभरएक वेगवेगळ्या वस्तू मांडाव्यात, कारण त्यांतली कोणती विकली जाईल ते सांगता येत नाही, पण काही ना काही विकले जाते. पाळीव प्राण्यांचे तसे नाही. ते एका रिअल्मवर घेऊन दुसऱ्यावर विकता येतात आणि त्यांच्या भावांतली तफावत मोठी असते. २०२४ मधील द वॉर विदिन या विस्ताराने आणलेल्या वॉरबँड बँकेमुळे (खेळाडूच्या सर्व पात्रांच्या सामायिक पेटीमुळे) सोनेही रिअल्मच्या सीमा सहज ओलांडू लागले, आणि हा धंदा पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाला.

भाव ठरवण्यासाठी अॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचे बाहेरचे छोटे प्रोग्राम, वापरावे का, असे अनेक जण विचारतात. थोडा माल विकणाऱ्याला ऑक्शनेटर पुरेसे आहे, आणि शेकडो नगांचा धंदा करणाऱ्याला ट्रेडस्किलमास्टरशिवाय गत्यंतर नाही. मात्र त्यांतल्या बाजारभावाच्या आकड्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. तो आकडा प्रामुख्याने लोकांनी मांडलेल्या किमतींवरून काढलेला असतो, आणि मांडलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे. एखादी वस्तू ५०,००० गोल्डची दिसते आणि महिनोन्‌महिने तिला कोणी हात लावत नाही. म्हणून बाजारभावाच्या शेजारी वस्तू प्रत्यक्षात किती वेगाने विकली जाते तो आकडा पाहावा, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच सोने गुंतवावे. ब्लिझार्ड आपल्या बाजाराची माहिती तासातासाला बाहेरच्या संकेतस्थळांना उपलब्ध करून देते, ही या सेवेची फारशी न वाखाणली गेलेली पण मोलाची बाजू आहे. तिच्यामुळे पैसे न मोजता अभ्यास करणाऱ्यालाही मोठ्या व्यापाऱ्याइतकीच माहिती मिळते.

या सेवेत मला दोन गोष्टींची तीव्र उणीव जाणवते. पहिली, खरेदीची मागणी नोंदवून ठेवण्याची सोय. गिल्ड वॉर्स २ मध्ये खेळाडू अमुक भावाला अमुक नग हवेत अशी नोंद करून निघून जातो, आणि विक्रेत्याला घाई असेल तर तो त्या नोंदीला माल देऊन टाकतो. वॉरक्राफ्टमध्ये असे काही नाही, त्यामुळे स्वस्त माल पकडण्यासाठी माणसाला यादीसमोर बसून राहावे लागते आणि ज्याच्याकडे वेळ जास्त त्यालाच फायदा होतो. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याचे यात नुकसान होते. दुसरी, खरेदीवरची मर्यादा. रूनस्केप या गेमच्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात प्रत्येक वस्तू चार तासांत किती घेता येईल याला बंधन आहे. वॉरक्राफ्टमध्ये ते नसल्यामुळे एखाद्या सुट्या नगाचा सारा साठा उचलून भाव दुप्पट करण्याचे प्रयत्न चालतात. असा प्रयत्न करणाऱ्यालाही इशारा देणे भाग आहे: भाव चढताच ती वस्तू इतरांच्या पेट्यांतून बाहेर येते, आणि साठा करणारा चढ्या भावाने घेतच राहतो.

ब्लॅक मार्केट ऑक्शन हाऊस हा या बाजाराचा वेगळा विभाग. २०१२ मधील मिस्ट्स ऑफ पँडारिया या विस्ताराबरोबर तो आला आणि मॅडम गोया हे पात्र तो चालवते. येथे खेळाडूला काही विकता येत नाही आणि थेट खरेदीही नाही, फक्त उघडी बोली. इतरत्र न मिळणारी जुनी चिलखते आणि दुर्मीळ वाहने येथे अवचित येतात. एका पात्राकडे जास्तीत जास्त ९९,९९,९९९ गोल्ड राहू शकते, आणि सर्वांत दुर्मीळ वस्तूंची बोली त्या मर्यादेलाच जाऊन भिडते. येथे नफ्याच्या हिशोबाने उतरू नये. चुरशीच्या बोलीत वस्तू त्यालाच मिळते ज्याने सर्वांपेक्षा जास्त मोल लावले, आणि ते मोल बहुधा वाजवीपेक्षा जास्त असते. ती वस्तू स्वतःला मनापासून हवी असेल तरच बोली लावावी.

सोन्याचा खऱ्या पैशाशी असलेला संबंध ब्लिझार्डने येथे बेताचा ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याच डायब्लो ३ मध्ये जून २०१२ पासून खऱ्या पैशांचे लिलावगृह होते. बाजारातून वस्तू घेणे इतके सोपे झाले की राक्षस मारून ती मिळवण्यातला रस आटला, आणि १८ मार्च २०१४ रोजी ते बंद करण्यात आले. वॉरक्राफ्टमध्ये २०१५ पासून टोकन आहे: एक जण ते खरे पैसे देऊन घेतो आणि बाजारात मांडतो, दुसरा ते सोने देऊन घेतो, आणि दुसऱ्याला त्यातून ३० दिवसांचे सभासदत्व मिळते. विकणाऱ्याला मांडतानाच दाखवलेला भाव नक्की मिळतो, त्यात अनामत नाही आणि अंडरकटही नाही. जो खेळाडू दर महिन्याला टोकनपुरते सोने ऑक्शन हाऊसमधून मिळवू शकतो, त्याच्या हाती एक ठोस लक्ष्य असते. टोकनचा भाव मागणीप्रमाणे हलत असल्यामुळे, सोने जमले की तो उतरलेला असताना घेऊन ठेवावे. महिना संपायला आला म्हणून चढ्या भावाने घेण्याची वेळ आणू नये.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. ऑक्शन हाऊस शहरातच असते, आणि जो कोठूनही व्यापार करू शकतो त्याचे पारडे जड होते. २०१८ मध्ये ५० लाख गोल्डला मिळणारे, पाठीवर लिलावगृह घेऊन चालणारे ब्रूटोसॉर हे वाहन काही श्रीमंत खेळाडूंपुरते होते आणि पुढे गेममधल्या दुकानातून काढून घेण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तशाच सोयीचे, टपालपेटीही असलेले नवे ब्रूटोसॉर ९० डॉलरला विक्रीला आले, आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला त्याचीही विक्री बंद झाली. जी सोय व्यापाराच्या मुळाशी आहे, ती मुदतीच्या विक्रीतून थोड्यांना देण्यापेक्षा गेममध्ये कष्टाने मिळवता येईल अशी कायम ठेवायला हवी होती. नव्याने येणाऱ्या खेळाडूने त्यासाठी हळहळण्याचे कारण नाही; शहरातल्या टपालपेटीजवळ एक दुय्यम पात्र उभे करून सारा माल त्याच्याकडे पाठवला आणि त्याच्यावरूनच विक्री केली, तर रोजच्या व्यापाराला तेवढे पुरते.